दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि ढकला

पुण्यातल्या कोथरूडमध्ये गिअरच्या स्कूटरींच्या त्या काळी इंजिन या विषयावर अधिकारवाणीने बोलणारा माणूस दर जिन्यात एक तरी होताच. डहाणूकर कॉलनीला लागून किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना होता, १९६२ पासून डिझेल इंजिनं बनवणारा. वेताळ टेकडीवर एआरएआय होती, १९६६ साली स्थापन झालेली, देशभरच्या गाड्यांची परीक्षा घेणारी. सकाळी कर्वे पुतळ्यापाशी आणि पौड फाट्यावर कंपन्यांच्या बसेसची वाट पाहत डबेवाली, म्हणजे डबा हातात घेतलेली, माणसं उभी असत. कुणी टेल्कोत पिंपरीला जायचं, कुणी बजाजमध्ये आकुर्डीला, कुणी किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये खडकीला. ही मंडळी आठवडाभर शेकडो हॉर्सपॉवरची इंजिनं टेस्ट बेडवर चढवत, त्यांचे ताप, दाब, धूर वहीत मांडत. आणि रविवारी सकाळी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीडशे सीसीच्या स्कूटरपुढे बनियनवर उभी राहून घाम पुसत.

स्कूटर सुरू न होण्याच्या या प्रसंगाचा मोसम ठरलेला होता, जूनचा पहिला-दुसरा आठवडा. एप्रिलच्या मध्याला परीक्षा संपल्या की कोथरूड रिकामं व्हायचं. कुणी कोकणात, कुणी देशावर, कुणी आजोळी नागपूरला. वडील मंडळी रजा मिळेल तशी मागून येत आणि अखेरचे दोन-तीन आठवडे सगळं घरच गावाला असे. मागे स्कूटर राही. तिच्यावर जुनी चादर, चादरीवर सुतळी, हँडललॉक, आणि 'जरा लक्ष असू द्या' अशी खालच्या आजोबांना विनंती. परत यायचो तेव्हा चादरीवर धुळीचा थर आणि वळवाच्या सरींचे डाग असत. शाळा सोमवारी उघडणार म्हणून रविवारी चादर निघे. आणि पहिली किक बसे.

त्या पहिल्या किकेला कुणालाच आशा नसे. ती औपचारिक असायची. दहाएक किका झाल्या की वरच्या गॅलऱ्यांमधून डोकी दिसू लागत. आणखी दहा झाल्या की पहिले काका खाली उतरत. हे बहुधा बँकेतले असत, कारण इंजिनाच्या कारखान्यातले लोक जरा मान राखून उशिरा येत. बँकेतल्या काकांचा उपाय एकच: स्कूटर कलवा. आपल्या बाजूला पार आडवी होईपर्यंत कलवायची, चार-पाच आकडे मोजायचे, सरळ करायची, किक मारायची. भारतभर कोट्यवधी वेळा झालेला हा विधी कुठल्याही कंपनीच्या पुस्तिकेतून आलेला नव्हता. टेल्कोवाले काका त्यावर 'अशास्त्रीय' असा शेरा मारत, आणि पुढच्या वेळी तेच कलवत. खरं तर त्यात शास्त्र होतं. गाडी आडवी झाली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उतू जाऊन थेट इंजिनाच्या वाटेवर सांडतं, मिश्रण घट्ट होतं आणि थंड इंजिन पेट घ्यायला राजी होतं. चोक जे काम करतो तेच हे, जरा जास्त नाट्यमय. पण वाटीत पेट्रोलच नसेल तर कलवून काय होणार? आणि दोन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत ते नसायचंच.

तेव्हाच्या टू-स्ट्रोक स्कूटरला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागे, लिटरला साधारण वीस मिली. पंपावर टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र असे, काही ठिकाणी हाताने मारायचं. 'चार लिटर, ऑइल टाकून' ही मागणी आम्हाला पाढ्यांइतकी पाठ होती. गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या इवल्याशा वाटीतलं पेट्रोल उन्हाळ्यात उडून जाई आणि ऑइल तिथेच राही, चिकट, पिवळट, मधासारखं. पेट्रोल ज्या जेटमधून जातं त्याचं भोक सुईच्या अग्राएवढं. ते बुजलं की संपलं. यावर उपाय फार सोपा होता आणि तो गावाला जायच्या आधी करायचा होता: पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी कोरडी झाली की चिकटायला काही उरत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. करत कुणी नव्हतं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी, आजीची पिशवी सापडत नाही, स्वारगेटची एसटी चुकायची वेळ. त्यात स्कूटर कोण रिकामी करत बसणार.

गंमत म्हणजे सुट्टीत तिकडे कोकणात आम्ही हेच काम नीट होताना बघायचो. मे सरत आला की हर्णैच्या बंदरावर होड्या वर ओढून शाकारायची लगबग सुरू होई. पावसाळाभर मासेमारी बंद, आता नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात उतरायचं नाही. एक तांडेल आपल्या होडीच्या डिझेल इंजिनाची निगा राखताना आम्हा पोरांना बसून बघू द्यायचा. टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि तिचं पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतं. खाऱ्या पाण्याची वाट गोड्या पाण्याने धुऊन काढायची. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं आणि पावसाळ्यात अधूनमधून हँडल घालून इंजिन नुसतं फिरवून ठेवायचं, म्हणजे पिस्टन धरत नाही. एवढं करूनही श्रावणात ते पहिल्या हँडलला सुरू होत नसेच. मग नळीचा नट सैल करून हातपंपाने डिझेल चढवायचं. आधी फुसफुसत बुडबुडे येतात. ते थांबून सलग तेल आलं की नट आवळायचा. हवा निघाली की डिझेल इंजिनाला सहसा तक्रार उरत नाही, त्याला ठिणगी लागतच नाही. आमचे वडील हे सगळं कौतुकाने बघत, प्रश्न विचारत, 'बघा, याला म्हणतात मेन्टेनन्स' असं आम्हाला सुनावत. त्याच वेळी पुण्यात चादरीखाली आमच्या कार्बोरेटरमध्ये ऑइल आळत असे.

तर पार्किंगमध्ये आता कमिन्सवाले काका उतरलेले असत. त्यांचं येणं वेगळं. ते किक मारत नसत. 'काय काय करून झालं?' असं विचारत आणि ऐकून घेत. मग म्हणत, 'गाडीला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी, हवा. एकेक बघू. दोन एकदम बघायच्या नाहीत.' हे शेवटचं वाक्य आमच्या पिढीतल्या कित्येकांनी नंतर नोकऱ्यांमध्ये, घरात, अगदी दवाखान्यात रिपोर्ट हातात धरूनही वापरलं असेल. तेव्हा मात्र आमचं लक्ष प्लग पान्याकडे होतं, कारण तो डिकीतून काढून द्यायचा मान पोरांचा.

उजवीकडचा फुगीर पत्रा निघाला की अख्खं इंजिन समोर. प्लगची टोपी ओढायची, पाना बसवायचा, त्यात आडवा दांडा घालून फिरवायचा. बाहेर आलेला प्लग काका उन्हात धरत आणि आम्ही सगळे त्यावर वाकायचो. टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. काळं, तेलकट, दोन टोकांच्या मध्ये कार्बनची काडी अडकलेली असेल तर चोर तिथेच सापडला. मग पॉलिश पेपर, नसला तर काड्यापेटीची बाजू. फट मोजायला हॅकसॉ ब्लेडचा तुकडा: तो मध्ये जेमतेम सरकला की फट बरोबर. साफ केलेला प्लग टोपीत खोचून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि कुणीतरी किक मारायची. हात आडवे धरून सावली करावी लागे, कारण जूनच्या उजेडात ठिणगी दिसत नाही. निळी आणि टणक चटका दिल्यासारखी वाजली तर उत्तम. पिवळी, मरगळलेली आली तर मॅग्नेटोकडे जायचं. तिथे फिरत्या चाकाच्या खिडकीतून पॉइंट दिसत. दमट हवेत त्यांच्यावर पापुद्रा धरे. कागदाची पट्टी घालून ओढली की तिच्यावर काळी रेघ उमटे. प्लग हातात धरून ठिणगी बघायचा मोह एखाद्या मुंजीच्या वयातल्या मुलाला होई आणि तो पुढची काही वर्षं विजेला मान देई.

ओला प्लग वाळवायला वर स्वयंपाकघरात जायचा. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर. आधी पेट्रोलची जीभ भप्पकन उठे, मग ऑइल चरचरे, मग टोक लालसर दिसू लागे. त्याच गॅसवर थोड्या वेळापूर्वी दूध तापलेलं असे आणि तोच चिमटा रात्री फुलक्यांना लागणार असे. आजी देवघरातून 'कसला वास सुटलाय' असं विचारी. आई काही बोलत नसे, खिडकी उघडी आणि चिमटा घासायला टाकी. गरम प्लग फडक्यात गुंडाळून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावायचं आणि तो गरम असतानाच बसवायचा, हे काम ज्याने केलं त्याला त्या दिवशी पुढे उभं राहायला मिळे. हँडलच्या मागे, वाऱ्याच्या तोंडावर.

एवढ्यात एखाद्या काकू लुना काढत. लुना १९७२ सालची, किनेटिकची. तिची तऱ्हाच निराळी होती. ती सुरू होत नसेल तर पेडल मारत राहायचं. इंजिन लागलं तर ठीक, नाही लागलं तर तशीच सायकल समजून पुढे जायचं. काकू शांतपणे पेडल मारत, भाजीची पिशवी सांभाळत, बनियनवाल्या घोळक्याच्या कडेने फाटकातून बाहेर पडत आणि वळणावर तिचा फटफट आवाज सुरू झालेला आम्हाला ऐकू येई. पुरुष मंडळी तिकडे बघायचं टाळत. पुढे १९८४ नंतर किनेटिक होंडा आली, गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. सोसायटीत ती पहिल्यांदा ज्यांच्याकडे आली त्यांच्याबद्दल 'बायकी गाडी' असा शेरा ऐकल्याचं आठवतं. शेरा मारणारे त्या वेळी किक मारत होते.

आता प्रश्न पडतो की एवढा छळ सोसून कुणी चिडत कसं नव्हतं? चिडायचे, पण स्कूटरवर नाही. याचं कारण मला वाटतं ती मिळायची कशी यात आहे. बजाजचा पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक आली, राणा प्रतापच्या घोड्याचं नाव घेऊन. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बनू लागली. पण किती गाड्या बनवायच्या हे कारखाना ठरवत नव्हता, दिल्लीचं लायसन ठरवत होतं. मागणी अफाट आणि उत्पादनावर मर्यादा. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे, दहा-दहा वर्षांच्या गोष्टी घरोघर आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून कुणाचा तरी अमेरिकेतला चुलतभाऊ अचानक फार जवळचा होई. नव्या गाडीपेक्षा वापरलेली महाग, असा उलटा बाजार होता. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा विषय निघे, तोही कोथरूडसारख्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या वस्तीत, आणि ते आठवणीतून गाळून टाकायचं कारण नाही. मुलगी अकरावीत असताना नोंदवलेली गाडी तिचं मूल बालवाडीत गेल्यावर हाती आली, तर तिला नावं कोण ठेवणार? तिच्या दोषांना घरातल्या वडीलधाऱ्याच्या दोषांसारखं सांभाळून घेतलं जाई. आज स्मरणरंजनाच्या ओघात आपण त्या काळाला साधेपणा वगैरे म्हणतो. निम्मा साधेपणा नाइलाजाचा होता. मला तो काळ परत नको आहे. त्या धुराने कर्वे रस्त्याचं काय केलं होतं हे ज्यांनी सिग्नलला नाकाला रुमाल लावून अनुभवलं त्यांनाही नको असेल.

पण एक गोष्ट तेवढी खरी की यंत्र हाताच्या अंतरावर होतं. बँकेतला कारकून, शाळामास्तर, पोस्टातला माणूस, कुणाचंही शिक्षण त्यातलं नव्हतं, तरी कार्बोरेटर उघडून वाटी रॉकेलात धुण्याएवढं धाडस प्रत्येकात होतं. जेट तोंडाने फुंकायचा. पेट्रोलची ती कडसर चव अजून आठवणारे बरेच लोक या भागात आहेत. काही जण जेटमध्ये स्टोव्हची पिन घालत आणि मिस्त्री त्यावर डोक्याला हात लावी, कारण पिनेने भोक मोठं झालं की गाडी जन्माची पेट्रोल पिते. 'साहेब, हवा मारा, पिन नका मारू,' हे पौड फाट्याजवळच्या एका गॅरेजात प्रत्येक जूनमध्ये कुणाला तरी ऐकून घ्यावं लागे.

कधी कधी चोर इंजिनात नसेच. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते बुजलं तर टाकीतून थेंब खाली उतरत नाही. पेट्रोल दिसतंय, कॉक उघडा आहे, नळी कोरडी. झाकण सैल केलं की 'सुस्स' आवाज आणि पेट्रोल वाहतं. एकदा आमच्या शेजारच्या इमारतीत सगळं तपासून झालं, ठिणगी निळी, प्लग ओला, तरी इंजिन दोनदा गुरगुरून गप्प. शेवटी सायलेन्सरच्या नळीत एका मुलाने बोट घातलं तर आत मातीचं बूच. कुंभारीण माशीने सुट्टीभरात घरटं बांधलं होतं, आत अळ्यांसह. आत हवा जायला बाहेर धूर जावा लागतो हे शाळेच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं, ते तिने शिकवलं. घरटं काडीने उकरताना 'अरे सावकाश' म्हणणाऱ्या आजी होत्या आणि 'ऑफिसला उशीर होतोय' म्हणणारे आजोबा.

सगळं करून थकलं की शेवटचा मार्ग. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि ढकला. पहिल्या गिअरमध्ये चाक अडतं, तिसऱ्यात इंजिन फिरत नाही, म्हणून दुसरा. इथे कोथरूडचा भूगोल कामी येई. टेकडीच्या बाजूच्या सोसायट्यांना उतार फुकट मिळालेला. सुतारदऱ्याकडून किंवा महात्मा सोसायटीच्या वरच्या अंगाने गाडी सोडली की ढकलणारे दोघे पुरत. मयूर कॉलनीसारख्या सपाटीवरच्यांना मात्र सगळी पोरं गोळा करावी लागत. दोन-तीन आठवडे उभ्या गाडीच्या क्लच प्लेटही चिकटलेल्या असत, क्लच दाबूनही चाक सुटत नसे. मग आधी गिअरमध्ये टाकून पुढेमागे हिसके द्यायचे, 'टक' आवाज आला की सुटली. नंतर धाव. वडील सीटवर, चपला निसटतायत, मागे आम्ही, आणि वरून आईचं 'अहो, वाहनं बघा!' क्लच सुटला की गचका, मागच्या पोरांचं तोंडावर आदळणं, पुन्हा गचका, आणि मग एकदम तो आवाज. पांढरानिळा धूर एवढा की पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वाळत घातलेल्या साड्या ओढून आत घेत. वडील थांबत नसत. थांबले आणि बंद पडली तर? ते तसेच हात उंचावून कर्वे पुतळ्यापर्यंत एक चक्कर मारून येत, बनियनवर.

त्यानंतर चहा. कमिन्सवाले काका, टेल्कोवाले काका, बँकेतले काका, सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत, हातावरचं काळं खोबरेल तेलाने पुसत. दोष नेमका काय होता यावर एकमत कधीच झालं नाही. बँकेतल्या काकांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच की सुरुवातीला जरा जास्त कलवली असती तर एवढा खटाटोप लागला नसता.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचं जाहीर केलं तेव्हा पेपरात बातमी वाचून हळहळ करणाऱ्यांत ज्यांच्या घरी दोन-दोन मोटारी होत्या तेच पुढे होते. दहा वर्षांनी चेतक हे नाव परत आलं, विजेवर चालणाऱ्या गाडीला. तिला किक नाही, प्लग नाही, धूर नाही. आमच्या जुन्या तीन मजली इमारती पाडून टॉवर झाले. वनाजपासून मेट्रो धावू लागली. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२० च्या मार्चमध्ये, सगळ्या शहराची एकदम मे महिन्याची सुट्टी झाली होती आणि पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी चादरीखाली गेल्या होत्या.

टाळेबंदी जरा सैल झाली त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या विंगमधल्या एका मुलाची नवी कोरी स्कूटर, बीएस-६ ची, सुरू होईना. बटण दाबलं की नुसतं 'कट्'. कमिन्सवाले काका आता ऐंशीच्या पुढचे. लिफ्टने खाली आले, मास्क लावून, लांब उभे राहिले.

'चोक ओढलास का?'

'काका, याला चोक नसतो.'

'बरं. पेट्रोल कॉक?'

'तोही नसतो. फ्युएल इंजेक्शन आहे.'

'मग पंप विजेवर असणार. म्हणजे बॅटरी उतरली तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही.' काका थोडे थांबले. 'दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बांधून ठेवल्यात. हे काही बरं नाही केलं.'

मुलाने मोबाइलवरून बॅटरीवाल्याला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी येणार होता. तेवढ्यात बँकेतले काका जिन्यातून उतरले, मास्क हनुवटीवर ओढला आणि म्हणाले, 'कार्बोरेटर नसला म्हणून काय झालं, कलवायला पैसे पडतात का?' मुलगा हसला, पण त्याने हात लावू दिला. स्कूटर कलवली, सरळ केली, बटण दाबलं. कट्.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवाला आला आणि पाच-दहा मिनिटांत नवी बॅटरी बसवून जुनी पिशवीत टाकू लागला. कमिन्सवाल्या काकांनी त्याला थांबवलं. जुन्या बॅटरीचं टर्मिनल उन्हात धरायला लावलं, त्यावरचा पांढरट थर काडीने खरवडला आणि मुलाला जवळ बोलावून दाखवला. 'उद्यापासून आठवड्यातून एकदा चालू करून ठेव,' ते म्हणाले. बॅटरीवाल्याला घाई होती. त्याला पुढे भुसारी कॉलनीत जायचं होतं, तिथेही सगळ्या गाड्या बंद पडल्या होत्या.